खदानीतली भुरी पोरं

सरकारी दवाखान्यात छातीच्या फोटोसाठी रांग होती. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याला शोधत त्याची बहीण गर्दीतून आली.

"ये अक्का, बस. मी दौलताबादकडची आपली खदानच आठवत होतो."

"दुधाचे दात पडायच्या आधीच हातात हातोडी आली तिथं."

"पण लई मजा यायची. भाकरी खाल्ली की खडीच्या ढिगावरून घसरायचो आपण."

"व्हय, आन् धुळीनं समदी पोरं सारखीच भुरी दिसायची."

"तरी माय मला लांबूनच वळखायची. कशी वळखायची गं?"

"तुझ्या खोकल्यावरून, कडुबा."

"खरंच? मला वाटायचं, मी लाडका म्हणून."

"लाडका तर व्हतासच."

"आन् आज एवढ्या गर्दीत मी तुला कसा घावलो?"

"तसाच."