जिने चढणारी

शेवटच्या साध्यासुध्या दिवशीही बाबा लेकीबरोबर जिनेच चढले. चाळिशी आली तरी ती लिफ्टला घाबरायची, आणि बाबा धापा टाकत म्हणायचे, "मला आपली सवय आहे गं."

बाबा गेल्यावर महिन्याभराने ती त्यांचा चष्मा न्यायला त्यांच्या कॉमिक्सच्या कचेरीत आली. लिफ्टपाशी नवा लेखक आणि जुना चित्रकार हुज्जत घालत होते.

"काका, आपली सुपरहिरोईन आभाळात उडते, मग इमारतीत जिने कशाला चढते?"

"साहेबांचा नियम. पाच मालिका, पाच लेखक, पण जिना कुणी सोडला नाही."

"कारण?"

"विचारलं की नुसते हसायचे."

"आता साहेब गेले. घुसू दे की खिडकीतून!"

"जिना काढलास तर पाच मालिकांची तोंडं पाच दिशांना होतील रे."

"वाचकांना काय पत्ता! साहेबांची सख्खी मुलगी तरी वाचायची का? जाडजूड ग्रंथवाली म्हणे. कॉमिक्सला नाक मुरडायची."

"हं. तेवढं मात्र साहेबांना लागायचं."

लिफ्ट आली.

"या ताई, जागा आहे."

"नको, मी जिन्याने जाते." पहिल्या पायरीवर ती थांबली. "तुमच्या हिरोईनलाही जिन्यानेच जाऊ द्या. आणि मुलगी वाचायची हो. सगळे अंक. लपवून."