विलासनं जीपला लावलेला पाइप

आमच्या टिळकवाडीतल्या विलासचं ऐकलासा काय? कॉलेजात शिकवतोय, त्यामुळं जगात कुणाचं ऐकायचं न्हाय ही त्याची जुनी सवय. नवी जीप घेतली आणि स्नॉर्केल बसवायचं खूळ डोक्यात शिरलं. स्नॉर्केल म्हणजे पाण्यातनं जाताना इंजिनाला टपाजवळनं हवा देणारा उभा पाइप.

मी म्हटलं, "गॅरेजला ने रं."

"त्यांना काय कळतंय? मी व्हिडिओ बघितलाय."

अंगणात बसून त्यानं कोऱ्या पत्र्याला स्वतः भोक पाडलं. वहिनींनी नुसतं दार लावून घेतलं.

रविवारी मला शेजारी बसवून खानापूरकडच्या ओढ्यात गाडी घातली. मधोमध दोन आचके देऊन जीप बंद पडली आणि पाणी आमच्या मांडीला लागलं. शेवटी एका शेतकरी अण्णानं ट्रॅक्टरनं बाहेर ओढली. बॉनेट उघडून तो बघतच राहिला.

"साहेब, पाइप भाईरनं झ्याक बसवलाय. पर आत जोडलाच न्हाय की! इंजिनानं पाणी पिलंय."

विलास पँट पिळत म्हणाला, "पण दिसतोय बरा, न्हवं?"

"लई बरा दिसतोय," अण्णा म्हणाला. "वरातीला न्या."