निळा उजेड दिसेना तेव्हा

...आणि एका जागी बसतील तर शपथ! तुम्हाला सांगते, आमचे हे अणुभट्ट्या तपासणारे. देशोदेशी जायचं, वापरलेलं इंधन जागच्या जागी आहे ना, बॉम्ब करायला कुणी गुपचूप पळवलं नाही ना, एवढंच बघायचं... पण बघायचं कशानं? तेव्हा काय, पत्र्याच्या पेटीत दोन फिल्मचे कॅमेरे, थोड्या थोड्या वेळानं खटक... खटक... आणि पेटीला तार गुंडाळून सील! एका ठिकाणी फिल्म अडकली. दोन्हींत! आता मधल्या काळात काय घडलं, कोण सांगणार? भिंती?

तिथले मोठे साहेब ह्यांचे जुने स्नेही. म्हणाले, "माझ्यावर विश्वास नाही?" हे म्हणाले, "आहे हो, पण तो ठेवायला मला नाही पाठवलेलं!"

मग दिवे घालवले. ते इंधन म्हणे खोल पाण्याच्या हौदात असतं, अंधारात निळसर चमकतं. हे कठड्यावर ओणवे, डोळ्याला ती अवजड दुर्बीण, इंधनाच्या कांड्यांचा एकेक जुडगा बघतायत, आहे... आहे... आणि एक जागा काळीकुट्ट!

"साहेब, इथं काय आहे?"

"इंधनच! फार जुनं, म्हणून मंदावलंय!"

वर काढून बघावं तर उचलायची यारी नादुरुस्त. ह्यांनी लिहिलं, 'दिसलं नाही.' झालं! चौकशी लागली, साहेबांना घरी बसवलं, आणि इकडं आमच्या घरात येरझाऱ्या! चहा गार, जेवण गार... बसतील तर शपथ! "अगं, खरंच जुनं असेल तर? भल्या माणसाला चोर ठरवला मी?" मी म्हटलं, "मला काय विचारता? त्या दुर्बिणी बनवणाऱ्या प्रयोगशाळेवाल्यांना विचारा!"

गेले की! रोज! ते बिचारे म्हणायचे, "नवं यंत्र होतंय, घाई करू नका." हे तिथंही उभेच! शेवटी आलं बाई एकदाचं. कणभर उजेड साठवून साठवून पडद्यावर दाखवणारं. ह्यांनी हट्टानं साहेबांनाच बोलावलं, शेजारी उभं केलं. पडदा काळा... काळाच... आणि मग हळूच, धुक्यातल्या दिव्यासारखी फिकट चमक! साहेबांनी नुसता चष्मा काढून पुसला. "दिसलं?" म्हणाले. ह्यांनी तिथंच कागद काढून लिहिलं, 'दिसलं.'

साहेब परत कामावर. आता तर काय, कॅमेरे स्वतःच फोटो धाडतात, सील कापलं की ते आपणहून ओरडतं! मी म्हटलं, सुटले! आता खुर्चीत बसतील! कसलं काय, पुन्हा निघाले तिकडंच. मी विचारलं, "आता काय तपासायचंय?"

"काही नाही गं. साहेबांकडं चहाला. आता क्षमा मागायला पण यंत्र पाठवू?"

बोला! मीच गेले, ह्यांची बॅग भरायला घेतली...