माईक बांधला, पण बटण?

मंडळी, ऐका! आरती होईपर्यंत कुणी उठायचं नाही. आज एकच प्रश्न विचारतो आणि उत्तर घेतल्याशिवाय सोडणार नाही. आपलं जे लाडकं असतं ना — ते धरायचं किती घट्ट? सैल धरलं तर पडतं, हे सगळ्यांना ठाऊक. पण लई घट्ट धरलं तर काय होतं? अहो सांगा की! मावशी, तुम्ही सांगा — सुनेच्या हाती चाव्या दिल्या का अजून? नाही ना? मग राहू द्या, मीच सांगतो!

हिंगणमाळ नावाचं गाव. तिथं शाहीर केरबा खोराटे. जत्रेच्या दिवशी देवीसमोर पोवाडा म्हणायचा तो खोराट्यांनीच, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा मान! पण केरबाचा गळा बसला. असा बसला की डॉक्टरांनी हात टेकले. घरात मुलगा नाही, एकुलती एक पोर — वैजयंता. वैजू! आजवर बापाच्या मागं उभी राहून "जी रं जी जी" करणारी. झील धरणारी हो! आता तिला पुढं उभं राहायचं होतं.

जत्रा कमिटीचे दिनकरतात्या म्हणाले, "केरबा, म्हणू दे पोरीला. पण रंग न्हाई भरला, तर फुडल्या साली बाहेरनं ऑर्केस्ट्रा आणणार बघ."

म्हणजे एका पोवाड्यावर घराण्याचा मान लटकलेला! केरबाला घास गोड लागेना. "वैजे, हात वर करताना जपून. वैजे, उडी नको. वैजे, पाणी प्यालीस का?" अरे बाबा, पोवाडा म्हणणार आहे ती, इंजेक्शन घ्यायला नाही चालली!

संध्याकाळ झाली. मांडव गच्च! आणि मंडळी, कमिटीनं त्या साली नवा माईक आणलेला — कॉर्डलेस. वायर नाही, काही नाही! पण स्टँड मात्र जुनाच. त्याचा चिमटा जुन्या बारीक माईकचा आणि हा नवा माईक चांगला गुबगुबीत! चिमट्यात नुसता टेकवलेला. त्यात आपल्या लोकांची भक्ती! पुजाऱ्यानं माईकला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा हा एवढा हार त्याच्याच गळ्यात घातला. अहो, देवीला घाला की! माईकनं काय पुण्य केलं?

वैजूनं डफावर थाप मारली, पहिली ललकारी दिली — काय आवाज! मांडव ताठ बसला. रंगात आली पोर, फळ्यांवर दणकन पाय आपटला... आणि हारासकट माईक चिमट्यातनं सुटला! धाडकन खाली! कर्ण्यातनं "कुंईंई" असा आवाज. पोरं खिदळली, एक म्हातारा कान धरून उठला.

केरबा धावला! कुंई थांबवायला आधी माईक बंद केला, हार काढून फेकला, माईक चिमट्यात बसवला आणि साउंडवाल्याकडची काळी चिकटपट्टी घेऊन गुंडाळायला लागला. एक वेढा, दुसरा वेढा... थांबेचना! वर सुतळी, सुतळीवर स्वतःचा रुमाल! "आता हालतोय का बघू!" म्हणाला. नाहीच हलला! स्टँड मोडला असता, पण माईक सुटला नसता.

वैजूनं पुन्हा ललकारी दिली. तोंड हलतंय, हात हलतोय... आवाज नाही! मागनं एक बाई ओरडली, "अगं वैजे, आवाज घरीच ठिवलास व्हय?" हशा! दिनकरतात्यांनी कपाळाला हात लावला.

काय झालं होतं, आलं ध्यानात? बटण पट्टीच्या आत! आणि तेही बंद! बापानं मायेनं गुंडाळलं, पण बंद असतानाच गुंडाळलं!

वैजू पट्टीचं टोक शोधायला लागली. वेळेला चिकटपट्टीचं टोक कधी कुणाला सापडलंय का? शेवटी दात लावले तिनं. केरबा हात धरतोय, "हळू गं, पडंल! परत पडंल!"

तेव्हा वैजू काय म्हणाली, कान देऊन ऐका. "पडू दे आबा! पडला तर उचलता येतोय. असा बांधल्याव त्यो बोलायचाच न्हाई!"

केरबानं तिचा हात सोडला. त्याचे डोळे भरून आले हो! माईकचं बोलतेय की स्वतःचं, हे बापाला नाही कळणार?

पट्टी निघाली. वैजूनं वेणीचा रबर काढला — केस सुटले तर सुटू देत! — माईक आणि चिमटा मिळून त्याचा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा वेढा घातला. नाचलं तर सुटणार नाही, ओढलं तर निघेल! मग बटण दाबलं आणि म्हणाली, "आबा, तुमी स्टँडचा पाया तेवढा दाबून धरा. वरचं मी बघती."

आणि गावाचा शाहीर, फेट्यासकट, लेकीच्या पायाशी मांडी घालून बसला.

मग काय रंगला पोवाडा! पाय आपटला, गिरकी घेतली, माईक जागचा हलला नाही. आणि लढाईचा प्रसंग आला तशी तिनं एका हिसक्यात माईक ओढला आणि गेली की खाली लोकांत! बायका उठून उभ्या! केरबा रिकामा स्टँड धरून बसलेला, मान उंचावून पोरीला शोधतोय. दिसेना, पण आवाज सगळीकडनं येत होता! शेवटच्या कडव्याला परत आली, माईक जागेवर ठेवला आणि बापाच्या पाया पडली.

दिनकरतात्या नारळ घेऊन मंचावर आले. "केरबा, फुडल्या सालचा पोवाडा धरायचा न्हवं?"

केरबा बसल्या गळ्यानं म्हणाला, "मला काय इचारता तात्या? शाहिराला इचारा की!"

मंडळी, आता तुमचं सांगा. घरी कुणाकुणाला पट्टी गुंडाळून ठेवलीत? लेकीला? सुनेला? ए कोपऱ्यातले काका, हसू नका, तुमचा नातू सांगत होता मला! धरा, जरूर धरा. पण पाया धरा, तोंड नको! आणि तुमचं माणूस बरेच दिवस गप्प असेल ना, तर त्याला आवाजच नाही असं म्हणू नका. आधी बटण बघा, आपल्याच पट्टीखाली असेल!

चला, आता देवाचं नाव घेऊ आणि टाळी वाजवू. जे काही मुठीत आवळून बसलात, ते जरा खाली ठेवा — टाळीला दोन्ही हात मोकळे लागतात!