इमानातली बोंब

माझं माहेर शिरड शहापूर. वडील गावातल्या शाळेत शिपाई होते, घंटा द्यायचे, आणि शाळेच्या कपाटातली पानं सुटलेली पुस्तकं घरी आणून खळीनं चिकटवायचे, ती वाळायच्या आत मी वाचून घ्यायची, म्हणून माझ्या डोक्यात गोष्टी भरपूर आहेत, शेवटची पानं मात्र बऱ्याच पुस्तकांना नव्हतीच. वडलांनी घंटा दिली, मी घंटीची दोरी ओढते, एवढाच आमच्या दोन पिढ्यांत फरक. हिंगोली डेपोत कंडक्टर आहे मी, बावीस वर्षं झाली. लोक कंडक्टरीणबाई म्हणतात, डेपोत सुमनताई म्हणतात, आणि कागदावर मी वाहक आहे. काय वाहते ते कागदात लिहिलेलं न्हाई.

काय सांगू तुमाला, माणूस कसा आहे ते त्याच्या चढण्यावरून कळते. बसल्यावर सगळेच सज्जन असतात. पायरीवर पाय ठेवल्यापासून बूड टेकेपर्यंतची ती दोन मिनटं, तेवढ्यात माणसाचं सगळं बाहेर येते. वारंगा फाट्यावर गाडी उभी राहिली की मी पहिल्यांदा लोकांच्या हाताकडं पाहते, तोंडाकडं न्हाई. हातात दस्ती असली की समजायचं, हा खिडकीतून टाकणार. दस्ती म्हणजे रुमाल, आमच्याकडं दस्तीच म्हणतात. खिडकीतून दस्ती टाकली की ती जागा त्या माणसाची झाली, हा कायदा कुठं लिहिलेला न्हाई, पण लिहिलेले कायदे जेवढे पाळतात त्याच्याहून जास्त हा पाळतात. पिऊन आलेला माणूससुद्धा दुसऱ्याची दस्ती उचलून फेकत न्हाई. शिव्या देईल, गाडीभर देईल, पण दस्तीला हात लावणार न्हाई. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर माझी पोरगी, प्रज्ञा. तिचे पप्पा हिंगोलीत कपडे शिवतात, तेव्हा घरात एकाची मापं अन् एकीची तिकिटं, त्यात ही वाढली. लहानपणी सुट्टीत माझ्यासंगं गाडीत बसायची, मी म्हणलं पुढं सरका की तीपण म्हणायची पुढं सरका. आणि ती लागली कुठं, तर इमानात. आमच्याकडं विमानाला इमानच म्हणतात, मी मुद्दाम म्हणते, तिला राग येते. एअर होस्टेस म्हणलं तरी राग येते, म्हणते, मम्मी, केबिन क्रू म्हणायचं. मी म्हणलं, म्हणजे कंडक्टरच ना, लोकांना बसवायचं, सामान वर ठेवायचं, दार लावायचं, तिकीट तेवढं फाडायचं न्हाई. ती म्हणे, आणि हसायचं. ते मात्र माझ्या नोकरीत नव्हतं.

तिला तिकडं शिकवलं म्हणे, प्रवाशाला काय पाह्यजे असं विचारायचं न्हाई, मी आपली काय मदत करू शकते असं विचारायचं. वर्षभर लेकरानं जीभ घासून घासून आमची बोली धुऊन काढली. आधी फोनवर काहून म्हणायची, मग का म्हणायला लागली, मग कशासाठी. पोटासाठी माणूस खाकी घालते तसं हे.

नोकरी लागली तरी पक्की नव्हती. वर्षभर पाहतात, एक तक्रार आली की तिथंच थांबते सगळं. अशात तिची पाळी नांदेडहून हैदराबादला जाणाऱ्या इमानावर लागली. म्हणाली, मम्मी, तू ये, एकदा मला काम करताना पाहा. आणि मग लगेच अटी. मी तुझ्याशी ओळख दाखवणार न्हाई, तू पण दाखवायची न्हाई. काहीही झालं तरी मधे बोलायचं न्हाई, ती तुझी गाडी न्हाई. शप्पथ घातली तिनं. मी म्हणलं, बरं बाई, प्रवासी म्हणून येते, मुकी होऊन बसते.

दुपारचं इमान होतं. पाहते तर काय, इथंबी तेच. तिकिटावर जागेचा नंबर छापलेला, इमान काही तुम्हाला सोडून जाणार न्हाई, तरी दार उघडायच्या आधीच लोक रांगेत एकमेकाला ढोपरं मारून राहिले. फरक एवढाच की अत्तर लावून मारतात. दारात माझी पोरगी उभी, केसाचा घट्ट अंबाडा, ओठाला लाली, हात जोडून प्रत्येकाला नमस्कार म्हणायली. मलाबी म्हणाली. मीबी म्हणलं नमस्कार.

माझी जागा चौदाव्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेची. माझ्या शेजारी, तीन जागांतल्या मधल्या जागेवर, एक बाबा बसले होते, धोतर, टोपी, कळमनुरीकडचे. पोराकडं हैदराबादला निघाले होते. त्यांच्या म्हातारीची जागा तीन रांगा मागं आली होती, हे त्यांना पसंत नव्हतं. म्हातारी अजून मागं रांगेत अडकलेली. खिडकीची जागा रिकामी दिसली, तर बाबांनी काय करावं, कोपरीच्या खिशातून दस्ती काढली आणि टाकली त्या खिडकीच्या जागेवर. मला हसू आलं. म्हणलं मनात, बराबर आहे बाबा.

तेवढ्यात खिडकीचे मालक आले. पांढराशुभ्र कडक शर्ट, हातात दोन फोन, कुणाचे तरी साहेब. असे साहेब माझ्या गाडीत रोज चढतात, मी कोण आहे माहीत आहे का म्हणतात, मी म्हणते तिकिटावर लिहिलंय का. ह्या साहेबानं काही विचारलं न्हाई. वाकला, दोन बोटांत ती दस्ती उचलली, मेलेला उंदीर उचलावा तशी, आणि माझ्या अंगावरून वाटेवर फेकली. आणि बाबांना म्हणला, ए, सरक.

मला तिथंच कळलं आता भडकणार. खिडकी बाबांची नव्हती, ती साहेबाचीच होती, हे खरं आहे. पण दस्ती फेकली होती. बाबा म्हणाले, म्या जागा धरली, तू कोण रे फेकणारा? साहेब म्हणला, हे तुझं खटारं न्हाई, नंबर वाच. बाबांना वाचता येत नव्हतं, ते साहेबाला दिसत होतं, म्हणूनच म्हणला. बाबांनी पाय पुढच्या सीटला टेकले आणि घट्ट बसले. मागं लोक तुंबले.

प्रज्ञा आली. गोड बोलली, बाबा, मी आपली काय मदत करू शकते. बाबा म्हणाले, माही दस्ती उचलून दे. साहेब तिच्यावर खेकसला, ह्यांना उठवता का तुमच्या वरच्याला फोन लावू, नाव काय तुझं, आणि तिच्या छातीवरची नावाची पट्टी फोननं टिपून घेतली. माझ्या पोरीचा चेहरा मी वाचते हो, ओठ हसत होते आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी पट्टा आवळून बसले. शप्पथ होती.

मग त्यांच्यातल्या मोठ्या मॅडम आल्या. दुसऱ्या राज्यातल्या, मराठीचा गंध न्हाई. हिंदीत म्हणाल्या, बाबाजी, उठिए, नहीं तो आपको उतारना पडेगा. उतरवायचं म्हणल्यावर बाबांचा तोल गेला. उभे राहून, हात वर करून म्हणाले, मला उतरवता? उतरवूनच पाहा, अशी बोंब मारीन, सगळ्या इमानात बोंब होईल.

मॅडम पांढऱ्या पडल्या. दोन पावलं मागं सरकल्या. त्यांना काय ऐकू आलं ते तुमाला कळलं असंल, मला एका क्षणानं कळलं.

त्यांनी विचारलं, क्या बोला इन्होंने? आणि साहेब, मराठी माणूस, इथलाच, बोंब म्हणजे काय ते त्याला बराबर ठाऊक होतं, तो फोनवरून मान न उचलता म्हणला, बॉम्बच म्हणला तो, मी ऐकलं.

मग काय, आजूबाजूचे सगळे धावले मदतीला. न्हाई न्हाई, बोंब म्हणले, बोंब! मागून एकजण, मॅडम, बोंब, बोंब! पुढून दोघी बाया, अहो बोंब हो! काय सांगू तुमाला, सगळं इमान एका सुरात बोंब, बोंब म्हणून राहिलं आणि त्या बिचारीला प्रत्येक वेळी तेच ऐकू येऊन राहिलं. तिनं धावत जाऊन भिंतीवरचा फोन उचलला, कॅप्टनला. मागं बाबांची म्हातारी रडायला लागली. बाबांना अजून कळतच नव्हतं की त्यांनी काय केलं.

प्रज्ञा मॅडमजवळ गेली. हिंदीत म्हणाली, मैडम, बोंब का मतलब चिल्लाना होता है. साहेब मागून म्हणला, ही त्यांच्याच गावची दिसते, ही तेच सांगणार. मॅडमनी फोनवर हात ठेवून विचारलं, तुम श्योर हो? लिखके दोगी? चूक निघाली तर तुझी नोकरी, हे त्यांनी म्हणलं न्हाई, पण मला ऐकू आलं. आता मी पट्टा सोडला. उठणारच होते. तर पोरीनं माझ्याकडं पाहिलं, नुसतं पाहिलं, लहानपणी ताप आल्यावर सुई नको म्हणून पाहायची तसं न्हाई, उलटं, बस खाली म्हणून पाहिलं. मी बसले.

आणि मग तिनं ते केलं. मधल्या वाटेत ताठ उभी राहिली, पालथा हात लाली लावलेल्या ओठावर धरला, आणि शिमग्यात मारतात तशी बोंब मारली. खणखणीत. आमच्या घरात शिमगा न्हाई हो, आमी बौद्ध, पण गावात राहून बोंब कुणाला चुकली? सगळं इमान गप झालं. मग हात खाली घेऊन ती मॅडमला म्हणाली, ये होती है बोंब. बाबाजी ये करनेवाले थे.

आधी म्हातारी हसली, डोळे पुसत. मग सगळे. मॅडमच्या तोंडावर रंग आला, त्यांनी फोनवर कॅप्टनला सांगितलं, काय सांगितलं ते ऐकू आलं न्हाई, पण तिकडून हसल्याचा आवाज आला. तरी पोलीस आले, बाबांची पिशवी उघडली, धपाटे अन् जवसाची चटणी निघाली, बंद करून दिली. साहेबानं मान खिडकीकडं वळवली, ती हैदराबादपर्यंत तिकडंच.

मी उठले. बोलले काहीच न्हाई, शप्पथ पाळली. वाटेवरची दस्ती उचलली, झटकली, आणि माझ्या जागेवर टाकली, म्हातारीसाठी. मी तीन रांगा मागं तिच्या जागेवर जाऊन बसले. एवढी साधी गोष्ट मला पहिल्याच मिनटाला काहून सुचली न्हाई? बावीस वर्षं दुसऱ्यांना उठवते, स्वतः उठायची सवय न्हाई, म्हणून. पोरगी जवळून गेली, माझ्या खांद्याला तिचा हात लागला. चुकून लागला असं दाखवलं तिनं.

साहेबानं तक्रार केलीच. कंपनीचं पत्र आलं, वर्दीत असताना प्रवाशांसमोर अशोभनीय आवाज का काढला, खुलासा द्या. रात्रंदिवस हसायला शिकवलेल्या पोरीनं मला रडत फोन केला, मम्मी, खुलासा कसा लिहितात? मी बावीस वर्षांत सात लिहिलेत. मी म्हणलं, अनवधानाने म्हण, क्षमस्व म्हण, सुटशील. ती म्हणली, मम्मी, मी अनवधानाने न्हाई मारली. मी मुद्दाम मारली. लिही म्हणलं, बाप्पा, जसं आहे तसं लिही.

तिचा निकाल अजून लागला न्हाई. मोठ्या मॅडमनी तिच्या बाजूनं लिहून दिलंय म्हणे. पक्की करणं लांबणीवर टाकलंय, बघू. ती रोज उडून राहिली, मी रोज हिंगोली ते वारंगा. परवा एका म्हाताऱ्याला राखीव जागेवरून उठवलं तर म्हणला, बाई, बोंब मारीन. मी म्हणलं, मारा बाबा, खुशाल मारा, ह्या गाडीत चालते.

तुमी हे लिहून घेऊन राहिलात म्हणून एकच सांगते. बोंब लिहिताना नीट लिहा. काना, मात्रा, वर टिंब. अर्धचंद्र देऊ नका त्याला. एवढ्याशा चुकीनं त्याचा बॉम्ब होते, अन् तो माझ्या पोरीच्या नोकरीवर पडंल.