बेचाळीस घरांची पायवाट

पुंजाजी : …तुले पटणारच नाई देवमन, मले मालूम हाय. साऱ्या वाशीम तालुक्यात हे ऐकून खरं मानणारा एक माणूस निंगाला नाई, अन निंगणारबी नाई. पन हे गोटे चालतात.

देवमन : गोटे चालतात?

पुंजाजी : म्हंजे टुणटुण उड्या मारत नाई जात. सरकतात. म्हतारा माणूस उन्हातून सावलीत सरकते ना, तसे. बुड घासत घासत. मी या ओट्यावर बसून सोताच्या डोयानं पाह्यलं.

कस्तुराबाई : कोणत्या डोयानं, भाऊजी? डाव्यात मोतीबिंदू, अन उजवा सदाचा मिटलेला.

पुंजाजी : तू तूर निवड, कस्तुरा. त्यात खडे राह्यतात अन मंग साऱ्या वस्तीचे दात मोडतात.

देवमन : आबाजी, माह्यापाशी टाइम नाई. दहाले मोहनसिंग नगरपालिकेचा रोलर घेऊन येते. त्याच्या आधी बेचाळीसच्या बेचाळीस गोटे जाग्यावर पायजेत. काल संध्याकाळी मी सोता लावले. आज येऊन पाहतो तं शेवटचे अकरा गोटे पुन्हा कडीले. तिसरी खेप हाय ही. कोण करते?

पुंजाजी : तिसरी नाई, सातवी. चार खेपा मीच वापस ठेवले. म्हटलं, लेकरू नोकरीवर हाय, कायले त्याच्या जिवाले घोर.

कस्तुराबाई : तुमी ठेवले? परवा चप्पल उचलाले वाकले तं दोन माणसायनं उभं केलं तुमाले.

पुंजाजी : म्हणूनच वाकत नाई आता.

देवमन : हासू नका, मावशी. ही हासायची गोष्ट नाई. चार वर्सापासून मी नगरपालिकेत कारकून हाओ. बगीचा म्हटलं का सिव्हिल लाइन. बाकडं म्हटलं का सिव्हिल लाइन. या साली पहिल्यांदा मीटिंगमंधी उभा राह्यलो. म्हटलं, साहेब, एक खेप आमच्या वस्तीलेबी विचारा, तुमाले बगीचा कसा पायजे म्हणून. इंजिनेर साहेब काय म्हणे मालूम हाय? म्हणे, त्या लोकायले नकाशा वाचता येते का?

कस्तुराबाई : मंग तू काय म्हणला?

देवमन : म्हटलं, नकाशा नका देऊ. दर घराले एक गोटा आणाले सांगतो. ज्याले जिथून चालावंसं वाटते तिथं त्यानं आपला गोटा ठेवावा. गोट्यामागं गोटा लागला का ती पायवाट.

कस्तुराबाई : मी तं फुटका पाटा ठेवला. म्हटलं, वाटून वाटून झिजला, आता लोकायचे पाय लागू दे.

देवमन : साहेबाची रेघ नालीच्या कडीनं सरळ जात होती. आपल्या लोकायनं ती वाकवली. विहारापासून निंगाली, लिंबाले वळसा घातला, अन मैदानाच्या त्या गोल तुकड्यावर जाऊन थांबली. बेचाळीस घरं, कोणी कोणाले विचारलं नाई, तरी सारे गोटे एका वाटेवर. साहेब म्हणे, वाकडी काहून? म्या म्हटलं, माणसाचे पाय वाकडेच चालतात साहेब. त्याले पटलं. म्हणे, ठीक हाय, मंग त्या गोल जागेवर झोके लावू.

पुंजाजी : तिथं नको.

देवमन : काहून नको?

पुंजाजी : ती जागा गिळते.

देवमन : आबाजी…

पुंजाजी : पंधरा दिवस झाले. मी तिथं काठी टेकली. ही नाई, हिची थोरली बहीण, सागाची, पितळी मुठीची. टेकली तं गेली खाली. बोटभर, मंग हातभर. मंग कोणी खालून वढली. जोरानं नाई रे. लेकरू मायचा पदर वढते ना, तशी. मी घाबरून सोडली. आठ दिवसांनी ती काठी किन्हीराजाच्या तळ्यात तरंगून राह्यली होती. भिवाजीनं वळखली, आणून देली मले.

कस्तुराबाई : भिवाजीले मरून वर्स झालं, भाऊजी.

पुंजाजी : मरायच्या आधी आणली.

देवमन : पंधरा दिवसाआधी गेली, अन वर्साआधी वापस आली?

पुंजाजी : म्हणून तं पहिलेच सांगतलं, कोणी खरं मानणार नाई!

कस्तुराबाई : काठीचं जाऊ दे. पन देवमन, एक गोष्ट मले बी दिसली. यंदाच्या पावसात सारं मैदान डबकं झालं होतं. बायायले तिकडून जाता येत नव्हतं. अन तो गोल तुकडा कोरडा. पानी तिथं येते अन जाते. कुठी जाते, मालूम नाई.

देवमन : खाली मुरूम असंन.

कस्तुराबाई : इथं मुरूम कुठून येईन? सारी काळी जमीन हाय.

पुंजाजी : अन रंगूबाईच्या बकऱ्या? त्या मैदानात उभं गवत नाई, तिथं मात्र हिरवंगार. बकऱ्या चरत चरत जातात अन त्या गोलाच्या कडीवर थांबतात. मान लांब करतात, दोन पानं वढतात, पाय पुढं टाकत नाई. कडीकडीनं फिरून पल्याड जातात. बकरी कधी हिरवं सोडते का, सांग.

देवमन : बकरीले काय कळते?

पुंजाजी : तिच्या खुराले कळते. तू जा, तिथं टाच आपट. आवाज कसा येते पाह्य. रिकामा रांजण कोणी ठोकावा तसा. अन सकाळी थंडी असली का तिथल्या भेगीतून वाफ निंगते. कोमट. जवळ गेलं का वास येते, सडल्यावानी. मी कान लावला एक दिवस.

कस्तुराबाई : अन काय ऐकलं?

पुंजाजी : कोणी तरी चावून राह्यलं होतं. बारीक बारीक. कुरूम कुरूम. थांबते, अन पुन्हा सुरू होते. खाली बसून हजार तोंडं चावून राह्यली, कस्तुरा. त्यायचं जेवण सरलं का ते वर पाहतीन.

कस्तुराबाई : पुरे करा आता. अंगावर काटा आला.

देवमन : आता सरळ विचारतो, आबाजी, राग नका मानू. कोणी पाठवलं तुमाले?

पुंजाजी : मले कोण पाठवणार?

देवमन : सिव्हिल लाइनचे रामराव वकील. काल त्यायच्या फाटकापाशी उभे होते तुमी.

पुंजाजी : बिडीले काडी मांगाले उभा होतो.

देवमन : त्यायचा डोया हाय या बगीच्यावर. साहेबानं कागदावर लिहून ठेवलं, वस्तीत वाद निंगाला, काम एक दिवस जरी अटकलं, तं बगीचा सिव्हिल लाइनीत न्यावा. एक दिवस, आबाजी! आज रोलर फिरला नाई का संपलं. मंग या वस्तीले पुढचे वीस वर्स कोणी काही विचारणार नाई. म्हणतीन, त्यायले विचारलं होतं, त्यायनं भुतं सांगतली.

पुंजाजी : मी भूत म्हटलं का?

देवमन : मंग काय म्हटलं? खरं कारण द्या. एकच द्या. मी सोता रोलरपुढं आडवा पडतो, नोकरी गेली तं गेली. पन चालणारे गोटे अन किन्हीराजाची काठी, हे मी साहेबाले कोण्या तोंडानं सांगू?

(नाक्याच्या बाजूनं रोलरची धडधड ऐकू येऊ लागते.)

कस्तुराबाई : आला वाटते तुहा मोहनसिंग.

देवमन : अजून पाऊण कोस हाय. त्याचा रोलर माणसापेक्षा हळू चालते. पन पोरं पाहा, आतापासून मैदानात जमून राह्यली. झोके येणार म्हणून कालपासून त्यायले झोप नाई.

पुंजाजी : पोरायले हाकल तिथून.

देवमन : काहून?

पुंजाजी : हाकल म्हणतो ना!

देवमन : काहून, आबाजी?

पुंजाजी : बस. बस खाली, सांगतो. तुले चिंचेखालची विहीर आठवते?

देवमन : आठवते तं. सारी वस्ती तिथंच पाण्याले जाय. मी होस्टेलात होतो अकोल्याले, दुष्काळानंतर आलो तं चिंचबी नव्हती अन विहीरबी. बुजवली म्हणे. सारं मैदान सपाट केलेलं, जागाबी वळखू येत नव्हती.

पुंजाजी : तो गोल तुकडा म्हंजे तीच विहीर. तुह्या बेचाळीस घरायले तू विचारलं, कुठून चालावंसं वाटते. त्यायच्या तोंडाले आठवत नाई, पन पायाले आठवते. सत्तर वर्स ज्या वाटेनं घागर गेली, त्याच वाटेनं त्यायनं गोटे मांडले. साहेबाची सरळ रेघ बरी होती रे. ती नालीच्या कडीनं जात होती.

देवमन : हे तं मले कोणीच सांगतलं नाई. पन विहीर बुजली हाय ना? बुजल्या विहिरीवर गावोगावी घरं उभी हायेत.

पुंजाजी : बुजली? अरे, म्या बुजवली! त्र्याहत्तरचा उन्हाळा. विहीर आटून ठणठणीत. ढोरं पडतीन म्हणून ओव्हरशेरनं हुकूम देला, दुष्काळी कामात ही विहीर बुजवा. मुकादम कोण? पुंजाजी. आठ पुरूस खोल विहीर, आठ माणसं एकावर एक उभी राह्यतीन एवढी. चार दिवसांत तळापासून कठड्यापर्यंत ठासून भरली. साठ बंड्या मुरूम, वीस बंड्या दगड. इंझोरीपासून लोक पाहाले आले. ओव्हरशेरनं पाठ थोपटली माही.

देवमन : मंग तं झालं. साठ बंड्या मुरमावर रोलर काय, आगगाडी चालंन. भेव कायचं हाय?

पुंजाजी : भरली म्हणूनच तं भेव हाय! तहानेनं तिचं तोंड वासलेलं होतं, देवमन, अन आमी त्यात माती कोंबली. जिनं सत्तर वर्स पानी देलं तिले घोटभर नाई देलं कोणी. आता ती मांगून राह्यली. ज्याच्या ज्याच्या घरी तिचं पानी गेलं, त्याले त्याले बलावून राह्यली. बेचाळीस घरायचे गोटे कोणं तिथं नेले? तिनं नेले. आज दहा टनाचा लोखंडी रोलर तिच्या डोक्यावर नाचवशीन, तं ती तोंड उघडल्याशिवाय राह्यणार नाई.

देवमन : म्हंजे भूतच झालं शेवटी.

पुंजाजी : तू मानत नाई ना? मंग त्या दिवसाचं ऐक. बारा बैलजोड्या लावल्या होत्या म्या. एकामागं एक बंडी, इथून नाक्यापर्यंत रांग. सर्वात पुढं ग्यानबाची पांढरी जोडी. उन्हात शिंगं अशी चमकत. पहिली बंडी खाली केली तं विहिरीतून आवाज आला…

कस्तुराबाई : कोणाची जोडी म्हणले?

पुंजाजी : ग्यानबाची. पांढरी.

कस्तुराबाई : भाऊजी, ग्यानबाची जोडी तं माघातच गेली होती. कामरगावच्या बाजारात तीन खेपा नेली, कोणी दावं हातात घेतलं नाई. मंग त्यानं सोडून देली, जा म्हणे, जिथं चारा दिसंन तिथं.

पुंजाजी : मंग दुसऱ्या कोणाची असंन पांढरी.

कस्तुराबाई : कोणाचीच नव्हती. त्या उन्हाळ्यात या वस्तीत एक बैल उभा नव्हता. सारवाले शेण भेटत नव्हतं आमाले. अक्षयतृतीयेले मी कोरड्या भुईवर पानं वाढली होती. साठ बंड्या कोणं वढल्या, भाऊजी?

पुंजाजी : माणसायनं वढल्या.

कस्तुराबाई : माणसं सारी खडी फोडाले गेली होती. विहिरीवर आमी चौदा बाया होतो, अन तुमी.

देवमन : आबाजी, विहिरीत काय टाकलं?

पुंजाजी : सांगतलं ना तुले. मुरूम.

देवमन : मावशी, तुमी सांगा. मी उभा हाओ. लवकर सांगा.

पुंजाजी : कस्तुरा, बगीचा जाईन. पोरगं एवढं भांडून राह्यलं. तिकडं जाईन तो वकिलाच्या दारात.

देवमन : जाऊ द्या त्याले. सांगा, मावशी.

कस्तुराबाई : चार बाभळी आडव्या टाकल्या, कठड्याच्या आतून. त्यावर कपाशीच्या पऱ्हाट्याचे भारे. त्या साली बोंड लागलंच नव्हतं कोणाच्या वावरात, नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, पायजे तेवढ्या. मीच उपटून आणल्या. वर हातभर माती, अन चोपणं. दुपारी प्रयागबाई भोवळ येऊन पडली. पोटुशी होती. तिच्या तोंडाले फेस आला. भाऊजी म्हणले, मरू नका, बसा सावलीत, झालं तेवढं काम पुरे. ओव्हरशेर आला का वरून गोल गोल चालून दाखवा. आमी चाललो. चौदा बाया, सुकडी खाऊन असलेल्या, आमचं वजन ते किती! त्यानं मुंडी हालवली अन गेला. यायनं आमाले सावलीत बसवलं म्हणून पाच वर्स मी तोंड नाई उघडलं. गोटेबी हेच सरकवतात, सकाळच्या पारी, काठीनं ढकलत ढकलत. मी तीन दिवसापासून पाहून राह्यली.

देवमन : पाच वर्सं… पऱ्हाट्या उधईनं, वाळवीनं खाल्ल्या असतीन.

पुंजाजी : म्हणून तं कुरूम कुरूम…

देवमन : अन त्या पऱ्हाट्याच्या खाली काय हाय, आबाजी?

पुंजाजी : मुरूम. थोडा का होईना, मुरूम टाकला होता म्या.

कस्तुराबाई : काही नाई, देवमन. त्याच्या खाली काहीच नाई.