जबड्याला सुया आणि नानाभाऊचा हात

हसा रे हसा, पण तुमच्या गालात सुया टोचून वर वायरी लावल्या असत्या, म्हणजे कळलं असतं. सुरतेत कापडाच्या कारखान्यात इतकी वर्षं लूम चालवतोय, एवढा कधी घाबरलो नव्हतो.

कानाजवळ जबडा कटकट वाजायचा, भाकरीचा घास चावताना डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी लूमवरचा माझा जोडीदार नानाभाऊ मला ॲक्युपंक्चरवाल्या मॅडमकडे घेऊन गेला.

मॅडमनी सुया टोचल्या, सुयांना चिमटे लावले आणि चिमट्यांच्या वायरी बारीक करंट देणाऱ्या एका डबीला जोडून ती सुरू केली. "भाई, मुँह बिलकुल मत हिलाना," म्हणाल्या आणि पडद्यापलीकडच्या पेशंटकडे गेल्या.

डबी सुरू होती, जबडा आपोआप उडत होता. टक, टक, टक. मला वाटलं, करंट वाढतोय. कारखान्यात शॉक लागून आडवा झालेला माणूस मी पाहिलाय. ओरडावं, तर तोंड हलवायचं नाही!

लूमच्या आवाजात आम्ही हातानंच बोलतो. शेजारी बसलेल्या नानाभाऊला तशीच खूण केली: मशीन बंद कर!

नानाभाऊ ताडकन उठला. डबीला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही. धावत दाराशी गेला आणि त्यानं दवाखान्याचा मेन स्विचच खाली ओढला.

दिवे गेले, पंखे थांबले, पडद्यापलीकडे ओरडा झाला. मॅडम पळत आल्या. "किसने बंद किया?"

"मी. याचं मशीन बंद केलं," नानाभाऊ छाती फुगवून म्हणाला.

अख्ख्या दवाखान्यात तेव्हा एकच गोष्ट चालू होती. माझा जबडा.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "भाई, वो तो बैटरी पे चलता है."